काकूंनी निवडलेला रोशा

भट्टीकाकूंना खरं नाव होतं, पण ते मतदान कार्डापुरतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या वर्षानुवर्षं रोशा गवताचं तेल काढत आल्या होत्या, त्यामुळे लहानथोरांच्या तोंडी भट्टीकाकूच बसलं. रोशा म्हणजे डोंगरउतारावर आपोआप माजणारं गवत. फुलोऱ्यावर आलं की कापायचं, मोठ्या हंड्यात दाबून भरायचं, तळाशी पाणी घालायचं आणि खाली जाळ करायचा. वाफ नळीवाटे गार पाण्याच्या टाकीतून फिरून येते, तिचं पाणी होतं आणि त्यावर तेल तरंगतं. वास गुलाबाच्या जवळ जाणारा. साबणवाले, अत्तरवाले घेऊन जातात.

पण या गवताला एक जुळा भाऊ आहे. त्याच डोंगरावर, त्याला खेटून उगवणारा. पान तेच, उंची तीच, तुराही तोच. वास मात्र उग्र, टर्पेंटाइनची बाटली उघडल्यासारखा. नुसत्या डोळ्यांनी ओळखणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. पान चुरगाळून हुंगायचं, एवढाच मार्ग. आणि हुंगावं तर काकूंनीच, असं सगळे म्हणत. काकूही ते नाकारत नसत.

अशा काकूंना मोठा ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. लसूण, रॉकेल, साबण, सगळं हुंगून झालं. काही म्हणजे काही कळेना. काकू कुणाला बोलल्या नाहीत. मुलाला समजलं असतं तर त्याने 'आता आराम कर' म्हणून खाटेवर बसवलं असतं, आणि आरामाची काकूंना मरणापेक्षा धास्ती.

नेमकं तेव्हाच डोंगराला वनखात्याचं कुंपण पडणार असं ठरलं. मुलगा म्हणाला, "आई, आता घरच्या रानातच रोशा लावू. मुळासकट ठोंब तू निवडून आण. एकदा लावला की सात-आठ वर्षं तोच राहतो, चुकून चालायचं नाही."

 काकू तोऱ्यात म्हणाल्या, "आता तू मला शिकव."

रात्रभर तळमळल्यावर त्यांना सून आठवली. नवी होती तेव्हा त्या जुळ्या भावाची एक पेंढी चुकून शेडमध्ये आली, तर हिने नाक मुरडलं होतं. त्यावरून काकूंनी तिला 'आमची नाजूक राणी' म्हणून कितीतरी दिवस छळलं होतं.

"चल गं, टोपली धरायला," काकू सकाळी म्हणाल्या.

डोंगरावर काकू ठोंब उपटायच्या, पान चुरगाळायच्या, डोळे मिटून ऐटीत हुंगायच्या आणि मग तोच हात सुनेपुढे करायच्या. "धर." एक डोळा तिच्या तोंडावर. चेहरा तसाच राहिला की ठोंब टोपलीत. तिने तोंड वाकडं केलं की ठोंब दरीत. आणि बाई तोंड तरी किती वाकडं करायची, कडू काढा पाजल्यासारखं.

"नाटकी आहेस नुसती," काकू म्हणायच्या आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकायच्या.

रान लागलं, वाढलं, तुऱ्यावर आलं. पहिल्या भट्टीला काकू जाळापुढून हलल्या नाहीत. तेल घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने कागदाची पट्टी बुडवली, हुंगली, पुन्हा हुंगली. "एक नंबर. काकू, तुमच्या नाकाला तोड नाही." मुलगा फुशारला. सून खाली मान घालून हंडा घासत राहिली.

व्यापाऱ्याला सोडायला मुलगा बाहेर गेला, तेव्हा काकू तिच्याशेजारी बसल्या. "मला वास येत नाही. तापानंतर गेलाच तो."

"ठाऊक आहे, आई. तुमच्या पुढ्यात दूध करपून कोळसा झालं आणि तुम्ही शेंगा सोलत बसला होतात."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून." तिने राख झटकली. "आणि त्या वासाचा मला एवढा त्रास होत नाही. तुम्हाला नीट दिसावं म्हणून तोंड वाकडं करायचे. शेवटी शेवटी गाल दुखायला लागले."

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. आपण हिला काय काय बोललो ते सगळं आठवलं, आणि लाज वाटली.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. "आई, उद्याची भट्टी कोणत्या वाफ्यातल्या गवताची लावू? कुठलं तयार झालंय ते जरा हुंगून सांग ना."

काकूंनी डोळे पुसले. "तिला विचार. वास ती घेते. मी जाळ बघते."