माझ्या अक्षरातला अर्ज

“कार्सिनोमा आहे,” नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे कर्करोग. जिभेच्या डाव्या कडेला. “गुरुजी, खर्रा किती वर्षं?”

शाळेत फळ्यावर ‘तंबाखू वाईट’ लिहायचं आणि मधल्या सुट्टीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, असा मी मास्तर.

सुरुवात साधी होती. वरणातली मिरची झोंबायची. मग तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. याला ट्रिसमस म्हणतात, जबडा आखडतो. तुमचं असं झालं तर माझ्यासारखे चार महिने काढू नका.

बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. तिच्या रिपोर्टसाठी सहा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलो. समोर सडलेल्या तोंडाचं पोस्टर. ते चित्र माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं.

लाखनीजवळच्या आमच्या गावात बाया बिड्या वळतात. पाकिटावरचं हेच चित्र मोठं करायचं सरकारच्या मनात आलं, तेव्हा बिडीचा ठेकेदार घरी आला. “गुरुजी, तुमचं अक्षर मोत्यासारखं. बायायच्या नावानं अर्ज लिवून द्या.” मजकूर कंपनीचा, अक्षर माझं: ‘चित्र मोठं झालं तर आमच्या चुली विझतील.’ बायांनी विचारलं, कायचा कागद? ठेकेदार म्हणाला, दवाखान्याचा. मी शेजारी उभा होतो, गप्प. माझ्या मैनामावशीनंही अंगठा दिला.

पुढे पेपरात आलं, बिडी कामगारांच्या भावना लक्षात घेऊन निर्णय लांबणीवर. त्या भावना मी लिहिल्या होत्या, एका खर्र्याच्या पुडीच्या बदल्यात. आज स्वतःचीच शिसारी येते.

हेमिग्लॉसेक्टॉमी झाली. अर्धी जीभ काढली. नाकात नळी. नवव्या दिवशी ठेकेदार भेटायला आला, सफरचंदं घेऊन. गिळता न येणाऱ्या माणसाला सफरचंदं!

“बोलता नाही येत त काय झालं, गुरुजी? हात त शाबूत आहे. चित्राची भानगड पुन्हा निघून राहिली,” म्हणत त्यानं उशाशी कोरे कागद ठेवले. याला लाज म्हणून ठाऊकच नव्हती, आणि मला तरी कुठे होती?

कागद मी ठेवून घेतले. घरी आल्यावर त्यांच्यावरच लिहिलं: मागचा अर्ज आम्हाला न सांगता घेतला. चित्र मोठं करा. आम्हाला दुसरं काम द्या.

बाया मावशीच्या अंगणात बिड्या वळायला सुपं घेऊन बसल्या होत्या. मी कागद पुढे केला. मावशीनं हात मागे घेतला.

“मागच्या बारीले दवाखान्याचा म्हणून फसवलं तुमी लोकायनं. आता वाचून दाखव, मंग अंगठा देतो.”

वाचू लागलो. शब्द लाळेसकट सांडत होते. एकेक ओळ तीनदा वाचावी लागली. एकही बाई उठली नाही.

“कामाचं पहिले लिव,” मावशी म्हणाली. “चित्राचं मंग.”

तसं लिहिलं. पुन्हा सगळं वाचलं. तेव्हा तिनं अंगठा शाईत बुडवला.

डॉक्टर मॅडमनी अर्धी जीभ वाचवली, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. अख्खी होती तेव्हा मी त्या बायांना एक ओळ वाचून दाखवली नव्हती.