आमेन म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही

मला फोनवर बोलायला आवडत नाही, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. दिवसभर शाळेत पोरांपुढे घसा कोरडा करून नगरच्या सावेडीतल्या घरी यावं, तर फोन वाजतो आणि एखादे पालक विचारतात, "मॅडम, उद्या डबा द्यायचा का?" द्या ना! लेकराला उपाशी ठेवणार आहात का? म्हणून माझ्या फोनचा आवाज बहुतेक वेळा बंदच असतो. काय ते लिहून पाठवावं, जमेल तेव्हा मी उत्तर देईन. नवऱ्याचं सगळं उलटं. फोन आला की तो गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून जिन्यात अशा फेऱ्या मारत बोलतो. त्याच्या मामेभावाचा ट्रॅक्टर कुठे बंद पडलाय, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं.

आईचा फोन मात्र चुकवता येत नाही. ती नेवाशाकडच्या आमच्या गावात एकटी राहते. सोबतीला एक शेळी आणि चार कोंबड्या. आम्ही ख्रिस्ती, नमस्काराच्या जागी 'सलाम' म्हणणारे. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, ही घरची जुनी रीत. वडील गेले, मी इकडे नगरला, ती तिकडे. तेव्हा आईनं ती रीत उचलून फोनवर आणली.

"सलाम, बाई. जेवलीस का? बरी हाय ना? मी बी बरी हाय. चल, डोळे मीट."

झालं बोलणं! प्रार्थना मात्र चांगली ऐसपैस चालते. तिचे नियम कडक. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही आणि आमेन म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. एकदा तिला कर्ज घ्या म्हणून सांगणाऱ्या एका मुलीचा फोन आला. आईनं तिला आईवडिलांची खुशाली विचारली आणि लगेच तिच्यासाठी प्रार्थनाच सुरू केली. "तिनं शेवटी 'थँक्यू आजी' म्हन्लं," आई मला कौतुकानं सांगत होती. "गुनाची पोर हाय. तुझ्यावानी घाई न्हाई केली."

असा थेट टोमणा ती एरवी मारत नाही, बरं का. एरवी तिचं सगळं 'बरं हाय'. खरी बातमी कळते ती प्रार्थनेत, कारण देवाशी खोटं बोलायची तिची तयारी नाही. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, माझ्या लेकीला तीन रविवारांत गावाकडं यायला सवड झाली न्हाई, तिला सवड दे." लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं. इथं बोलायचं देवाला आणि लागायचं लेकीला. जावई फार खातो, शेजारीण फार बोलते, पत्र्यावर माकडं नाचतात, हे सगळं मला देवामार्फतच कळतं. म्हणून मी डोळे मिटते पण कान टवकारून बसते.

अशाच एका प्रार्थनेत मी हादरले. "बापा, आज रस्ता वलांडताना टेम्पो मला दिसला न्हाई. पन टेम्पोवाल्याला मी दिसले, ही तुझी किरपा."

आमेन होताच मी ओरडले, "आई, टेम्पो? कसला टेम्पो?"

"कुठं काय. बरं हाय सगळं," म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणून सांगून दमले होते. आई म्हणायची, शेळीला कोण बघेल? शेळीची सोय केली, तर कोंबड्यांचं काय? कोंबड्यांची सोय केली, तर ऊन फार आहे. मी चिडले, रडले, नवऱ्यालाही बोलायला लावलं. त्याचं तर ती हसून ऐकून घ्यायची आणि जावयाला सुनवायचं नाही म्हणून फोन ठेवायची. पण टेम्पोचं ऐकल्यापासून मला धड झोप येईना. गावातला तो रस्ता आणि तिची ती लगबगीची चाल सारखी डोळ्यांपुढे यायची. माझी आई मला हवी होती. मग मी चोरावर मोर व्हायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती "डोळे मीट" म्हणायच्या आत मी म्हटलं, "आज प्रार्थना मी करते."

आईला कोण आनंद! एरवी ती मला प्रार्थना करायला सांगायची तेव्हा माझ्या गॅसवर हमखास दूध असायचं.

मी सुरुवात अगदी रीतसर केली. दिवसाबद्दल आभार मानले, आजाऱ्यांची आठवण केली, पावसापाण्याचं मागितलं. आई मधून मधून "व्हय, प्रभू" म्हणत होती. मग मी वळले. "बापा, तू आंधळ्याला दृष्टी दिलीस. तेव्हा 'माझी शेळी कोण बघेल' असं त्यानं तुला विचारलं नाही. तो मुकाट्यानं बरा झाला. माझ्या आईलाही तशी बुद्धी दे. तिचं ऑपरेशन नगरला, माझ्या घरी राहून होऊ दे. येशूच्या नावानं मागते, आमेन."

पलीकडून आमेन येईना. आमच्या घरात दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन न म्हणणं म्हणजे आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारणं. मी वाट पाहत राहिले. नवरासुद्धा फेऱ्या थांबवून दारात उभा राहिला.

आई आमेन म्हणालीच नाही. ती स्वतःच प्रार्थना करायला लागली, हळू आवाजात.

"बापा, तुला तर सगळं ठाव हाय. शेळीचं निमित्त हाय. मला भ्या वाटतं. हिचा बाप दवाखान्यात गेला तो घरी आलाच न्हाई. मी बी तिथंच राह्यले, तर ही पोर कुनाला फोन करील?"

मला बोलायचं होतं, पण प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं. मी नुसती रडत बसले. तिलाही ते ऐकू गेलं असणार.

"बरं, आमेन," ती म्हणाली.

"आमेन," मीही म्हटलं.

मग तिनं नाक ओढलं आणि देवाला मध्ये न घालता, थेट मला म्हणाली, "सोमवारी ये मला न्यायला. आन् डॉक्टर डोळ्याला हात लावंल, तवा माझ्यापासून हलू नको."