आईचा आवाज आणि समोरचे शेजारी

फरीदाबादला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक साताऱ्याकडचे गृहस्थ राहतात. फौजेतून निवृत्त झालेले. कुणाचा कॉम्प्युटर बिघडल्याचं कानावर आलं की बोलावण्याची वाट न बघता हजर होतात आणि नव्या जवानाला दरडावावं तसं त्या कॉम्प्युटरलाच म्हणतात, "चलो बेटा, खरं काय ते सांग."

परवा माझ्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम आली आणि माझ्या गेलेल्या आईची सगळी रेकॉर्डिंग्ज दिसेनाशी झाली. मी रडकुंडीला आले.

"घाबरू नका वहिनी. घर बदललं की सामान माळ्यावर जातं, कुणी फेकत नाही," असं म्हणत त्यांनी लपलेले फोल्डर दिसतील अशी सोय केली. जुन्या सिस्टीमचा फोल्डर फिकट रंगात दिसू लागला, पण तो उघडायची परवानगी नव्हती. ती मिळवेपर्यंत त्यांचा चहा गार झाला.

शेवटी एक रेकॉर्डिंग वाजलं. आई मला ओरडत होती, "अगं, दुधाकडे लक्ष दे, उतू जाईल!"

ते चटकन खुर्चीतून उठले, वडीलधारं माणूस खोलीत आल्यावर उठावं तसे. मी "बसा ना" म्हटलं, तरी आईचं बोलणं संपेपर्यंत ते उभेच राहिले.