रस्त्याकडं पाठ करून

भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस. कळमनुरीत आमच्या घरी पाहुणे जमले की असल्या गोष्टी मीच रंगवून सांगतो, आणि त्यातल्या निम्म्या मीच रचलेल्या असतात... तेव्हा विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. ही मात्र रचलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडहून विमानानं बेंगळुरूला उतरलो. सकाळचे नऊ. सिझेरियन बाराला. आदल्या दिवशी ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, आई तर न्हाई. आत नेण्याआधी तुमी तरी दिसा."

खांद्यावर बॅग, हातात कुरुंद्याच्या हळदीची डागाळलेली पिशवी, आणि बॅटरी संपत आलेला फोन. ॲपवर कॅब बुक केली, ॲपमध्ये OTP दिसला... आणि फोन बंद! गाडीचा नंबरही त्यातच गेला. मग आठवलं — ॲप बायकोच्या नंबरवर आहे. OTP वगैरे कारभार तिचा. ती जाऊन वर्ष झालं. तिचा फोन घरी कपाटात, साडीच्या घडीत, बंद. म्हणजे ड्रायव्हर मला शोधायला फोन करणार तो तिला!

पिकअपच्या जागी नुसत्या पांढऱ्या गाड्यांच्या रांगा. जो तो फोनवर, "हां हां, इधर, हात हिला रहा हूं..." मला तेवढं शोधणारं कुणी नव्हतं. कुणाचा फोन मागावा, तर जावयाचा नंबर तोंडपाठ नाही. तोंडपाठ एकच, तो हिचा.

मी हरवलो की एक करतो — रस्त्याकडं पाठ करून जवळचा बोर्ड वाचत उभा राहतो. लोकांना वाटावं, माणूस कामात आहे. आठवडी बाजारात ही मला तशीच हुडकायची. "काहून उभे राहिले हितं? झाला का बोर्ड वाचून?" इथला बोर्ड कानडीत होता. तरी वाचत होतो.

दहा वाजत आले. मागून आवाज आला, "अंकल, हळदी का थैला? चलो."

गाडी सुटल्यावर विचारलं, "पहचाना कैसे?"

"मॅडम को फोन लगाया ना. बोली, हमारे ये रोड कू पाठ करके बोर्ड पढते रहेंगे. पढते नहीं, गुम गए तो ऐसाच करते." तो हसला. "OTP भी उन्होंने ही दिया."

"कौनसी मॅडम?"

त्यानं फोन पुढं केला. नंबर हिचाच. एक मिनिट चाळीस सेकंद.

लेक स्ट्रेचरवर भेटली. मला पाहून आधी रडली, मग हसली. नात झाली. जावई म्हणाले, "नंबर दुसऱ्या कुणाला गेला असेल, बाबा." म्हटलं, बराबर. पण मग OTP? आणि ते बोर्ड वाचणं? घरी येऊन कपाट उघडलं. फोन साडीच्या घडीत तसाच, बंद.

उलगडा मला आजही झालेला नाही. बरेच दिवस एकच गोष्ट सलत होती... एक मिनिट चाळीस सेकंद ती परक्या माणसाशी बोलली, माझ्याशी का नाही?

मग लक्षात आलं. फोन तर माझाच बंद होता.

तेव्हापासून चार्जर खिशात घेऊन फिरतो. लेक हसते. हसू दे.