विश्रामगृहाच्या छपरावरचं ऊन

इमारत खात्यातल्या त्या आर्किटेक्ट बाईला तिच्या पाठीमागे सगळे 'मिरची' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. गोडीगुलाबीने तिथे कुठलं काम झालेलं तिने पाहिलं नव्हतं.

डोंगरापलीकडच्या खोऱ्यात डायलिसिस केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा तिने ते काम मागून घेतलं. तिचा थोरला भाऊ त्याच खोऱ्यात राहायचा. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाआड जीपने घाट उतरायचा, शहरातल्या दवाखान्यात यंत्राला जोडून घ्यायचं आणि रस्ताभर उलट्या करत घरी यायचं. "एक दिवस जाण्यात, एक दिवस उठून बसण्यात. मग जगायचं कधी?" तो बायकोला विचारायचा आणि वहिनी विषय बदलायची.

मिरचीने जीव ओतून आराखडा केला. जाड दगडी भिंती, म्हणजे पंख्यावर भागेल. खिडक्या एवढ्या खाली की आडव्या माणसाला झाडं दिसावीत. डायलिसिसला लागणारं शुद्ध पाणी गाळताना जवळजवळ तेवढंच फेकलं जातं. ते साठवायला मागे टाकी, त्यातून धुणं आणि संडास. खोऱ्यातली वीज लहरी, म्हणून छपरावर सोलर पॅनल आणि खाली बॅटऱ्या.

मोठ्या साहेबांनी आराखडा उलटसुलट पाहिला.

"बाई, हे केंद्र आहे की गोदाम? समोर काच हवी. उद्घाटनाला मंत्री येणार."

"साहेब, समोर पश्चिम आहे. पेशंट भाजून निघतील."

"एसी लावू की."

"वीज गेल्यावर?"

"तुमचं सगळं गेल्यावरचंच असतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी टाकीच्या जागी गाड्यांसाठी पोर्च काढायला लावला. तिने सही केली नाही. सही दुसऱ्याने केली.

केंद्र झालं, फीत कापली गेली. भावाची पाळी होती त्या दिवशी ती रजा टाकून सोबत गेली होती. दुपारी काचेतून ऊन आत घुसलं, एसी घरघरला आणि वीज गेली. यंत्रं गप्प झाली. भावाचं रक्त नळीत आणि भाऊ खाटेवर. सिस्टरने धावत येऊन यंत्राचा दांडा हाताने फिरवायला घेतला. "घाबरू नका दादा, तुमचं रक्त तुम्हालाच परत देतेय," ती म्हणत होती. तिच्या कपाळावरून घाम टपकत होता. दुसऱ्या खाटेवर एक म्हातारी तशीच अडकलेली होती. मिरचीने तिथला दांडा धरला आणि सिस्टर सांगेल तसा सावकाश फिरवला. दोघंही वाचली. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं आणि पाटी आली: 'दुरुस्तीसाठी बंद'.

बंद म्हणजे बंदच. पुन्हा जीप, पुन्हा घाट. त्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि रस्ता अडला. ती म्हातारी जीपमध्येच गेली.

आपल्या आराखड्यातल्या पॅनलचं काय झालं, हे मिरचीने तेव्हा खोदून काढलं. पॅनल आणि बॅटऱ्या आल्या होत्या, पण केंद्रावर पोचल्याच नव्हत्या. खोऱ्याच्या तोंडाशी अधिकाऱ्यांचं विश्रामगृह होतं, त्याच्या छपरावर बसवली होती. त्या विजेवर खाली न्हाणीघरातला गिझर गरम पाणी देत होता.

ती भरदिवसा तिथे गेली. बरोबर गावचा वायरमन, गवंडी आणि पेशंटांचे नातेवाईक, ट्रॅक्टर घेऊन. चौकीदार आडवा आला.

"बाई, हा सरकारी माल आहे."

"म्हणूनच नेतेय. सरकारी जागेतून सरकारी जागेत. साहेबांना फोन लाव, नाव माझं सांग."

चौकीदाराने फोन लावला. मग स्वतःच शिडी धरली. त्याची मावशी त्याच जीपने जायची.

गवंड्याने काच उतरवून तिथे दगड रचला. पोर्चखाली टाकी बसली. सिस्टरने आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना आणून पाणी तपासून घेतलं. त्यांनी सगळं पाहिलं आणि कुलूप काढायचा हुकूम दिला. त्याच आठवड्यात मिरचीच्या हातात निलंबनाचा हुकूम पडला.

चौकशीत तिला विचारलं, "केल्याचा पश्चात्ताप होतो?"

"होतो. कुलूप लागलं त्याच दिवशी हे करायला हवं होतं."

चौकशी अजून लोंबकळते आहे. साहेब बढती घेऊन निवृत्त झाले.

केंद्र पुन्हा सुरू झालं त्या दिवशी भाऊ घरून चालत आला. मध्येच वीज गेली, पण यंत्र आणि पंखा चालूच राहिले. भावाला ते कळलंही नाही, तो घोरत होता. वहिनी पायाशी बसून शेंगा सोलत होती.

"आता तरी हसा हो," सिस्टर म्हणाली.

मिरची बाहेर आली. चार दिवसांचं काम होतं हे. चार दिवसांचं. तिला म्हातारीच्या लेकाचं घर माहीत होतं. ती तिकडे चालू लागली. त्याला काय सांगायचं, ते मात्र तिला सुचत नव्हतं.