नादारीची तपासणी

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा लढाई चालू होती आणि आमच्या शहापुरातले निम्मे माग बंद होते. सुतावर कंट्रोल आलेला. आमच्या घरात एकच माग, तोही सूत नसलं की नुसता उभा. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरी सकाळी उठून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. दुसरीकडे बसायची सवयच नव्हती त्यांना.

पुढं शिकायचं असं मी घरात बोलले नव्हते. आमच्या हायस्कूलच्या बाई एके दिवशी आपणहून घरी आल्या आणि आप्पांना म्हणाल्या, "मुलीला कॉलेजात घाला. फी माफ होते. नादारीचा अर्ज करायचा."

आप्पांनी मागाच्या खड्ड्यातून पाय वर घेतले. मग म्हणाले, "नादार म्हंजे दिवाळं निघालेला की हो बाई."

"ते फक्त कागदावर," बाई म्हणाल्या.

कॉलेज बेळगावात होतं. आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. पण रस्त्याच्या अलीकडे संस्थान होतं आणि पलीकडे इंग्रजांचा खालसा मुलूख. भाजी आणायला, दळण टाकायला आम्ही दिवसातून कितीदा तरी ती हद्द ओलांडत होतो. तिथं काही आहे असं कधी जाणवलं नव्हतं. ते त्या उन्हाळ्यात जाणवलं.

अर्जाला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता, मामलेदारांच्या सहीचा. आम्ही बेळगावच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून पत्ता वाचून म्हणाला, "तुम्ही संस्थानी. आमच्याकडं कशाला आलात?" संस्थानच्या कचेरीत गेलो तर तिथले म्हणाले, "कॉलेज खालशात. त्यांच्या कॉलेजासाठी आम्ही दाखला देत नाही, तसा हुकूम नाही." शेवटी साहेबांना भेटा म्हणाले. साहेब फिरतीवर. दारातला शिपाई रोज कानडीत एवढंच म्हणायचा, "नाळे बर्री." उद्या या. त्याचा आवाज मऊ होता, रागही येत नसे.

आप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून माझ्याबरोबर यायचे. कचेरीच्या ओट्यावर सावली सरकेल तसे आम्ही सरकून बसायचो.  एकदा परत येताना मी म्हणाले, "आप्पा, ऱ्हाऊ द्या आता. न्हाय शिकत मी."

"आता एवढं बसलोय," ते म्हणाले, "तर बसूया आनी जरा."

साहेब भेटले तेव्हा काम तसं लवकर झालं. अडलं ते एकाच ठिकाणी. कारकुनानं टाक शाईत बुडवून विचारलं, "महिन्याचं उत्पन्न?"

"सूत मिळालं तर हाय," आप्पा म्हणाले.

"आणि नाही मिळालं तर?"

"तर न्हाय."

"अहो, 'तर' कसं लिहू मी कागदावर?"

त्यानं मग स्वतःच्या मनानं एक आकडा घातला. आप्पांनी तो वाचायला मागितला नाही. हातात दाखला पडला एवढ्यावरच आम्ही दोघं खूश होऊन घरी आलो.

कॉलेजच्या हेडक्लार्कनी तो दाखला उजेडात धरून बघितला. संस्थानचा शिक्का त्यांना पुरेसा वाटेना. कमिटीपुढं ठेवतो म्हणाले, आणि आठवड्यानं निरोप आला की कमिटीतले एक प्रोफेसर रविवारी आमच्या घरी येऊन परिस्थिती समक्ष बघतील.

परिस्थिती बघायला येतील, हे आईला ऐकू आलंच नसावं. तिनं ऐकलं ते एवढंच, की प्रोफेसर येणार. शनिवारीच तिनं पुढची खोली सारवून घेतली. रविवारी दारात रांगोळी काढली. शेजारच्या आक्कांकडून फुलांच्या नक्षीच्या कपबश्या आणल्या, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून खुर्ची आणली. आप्पा प्रोफेसरांना आणायला नाक्यावर गेले होते. ते परत आले तेव्हा घरभर साजूक तुपाचा वास सुटला होता. रेशनची साखर आईनं सणासाठी म्हणून साठवून ठेवली होती, ती सगळी तिनं शिऱ्यात घातली होती.

प्रोफेसरांना खुर्चीवर बसवून आप्पा आत आले. मी चुलीपाशीच होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, आमी गरीब हाय का न्हाय, त्ये बघायला आल्यात त्ये!"

"मग?" आई म्हणाली. "उपाशी लावून दिऊ व्हय त्यांस्नी?"

"शिरा कशाला? नुसता च्या दिला आस्तास तर चाललं आस्तं."

"माझ्या दारात पयल्यांदा आल्यात. लेकीचं मास्तर हाईत. मला न्हाय जमायचं." तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नव्हते. तिनं बशीत शिरा वाढला, वर बेदाणा ठेवला. तोही आक्कांकडचाच असणार.

प्रोफेसर भले गृहस्थ होते. त्यांनी शिरा चवीनं खाल्ला, आईला आतल्या बाजूला तोंड करून "उत्तम झालाय" असं सांगितलं. मग उठून मागाजवळ गेले. नेमकं त्याच आठवड्यात सावकारानं सूत दिलं होतं आणि मागावर जरीच्या काठाचं लुगडं अर्धं विणून झालं होतं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं.

"सुंदर. बरीच किंमत येत असेल याची?"

"सूत सावकाराचं, जर सावकाराची," आप्पा म्हणाले. "लुगडं बी त्येंचंच. आमाला मजुरी तेवढी."

प्रोफेसरांनी मान हलवली. ऐकलं त्यांनी, पण त्यांची नजर माग, खुर्ची, कपबश्या, रांगोळी अशी फिरत राहिली. त्यांचा तरी काय दोष? आमच्या गल्लीत सगळ्यांचीच घरं बाहेरून अशी दिसत. चुलीवर काही नसलं तरी दार सारवलेलं असायचं. परक्या माणसाला घरातली ओढाताण दाखवायची कशी, हे आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

अर्धी नादारी मिळाली.

उरलेल्या अर्ध्या फीसाठी आप्पांनी माग सोडला. बेळगावच्या कँपात लष्कराच्या गोदामावर हमाल लागत होते, तिथं ते जायला लागले. बसून काम केलेला माणूस, पोती उचलायची सवय नाही. संध्याकाळी घरी आले की भिंतीला टेकून बसत आणि आई त्यांच्या खांद्यांना गरम तेल लावी. मी पहाटे गल्लीतल्या दुसऱ्या घरी कांड्यांवर सूत भरायला जायची, तिथून घरी येऊन आंघोळ आणि मग कॉलेज. वर्गात मागच्या बाकावर माझे डोळे मिटायचे. आम्ही मोजक्याच मुली होतो, त्यामुळं ते लगेच दिसायचं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला. या वेळी संस्थानच्या कचेरीत काहीच अडलं नाही. कारकुनानं महिन्याचं उत्पन्न विचारलं आणि आप्पांनी लष्कराकडून मिळणारा पगार सांगितला. नक्की आकडा ऐकून तो खूश झाला. आप्पाही जरा ताठ उभे होते. आता 'तर' म्हणायला लागलं नव्हतं.

पंधरवड्यानं हेडक्लार्कनी मला बोलावलं. "वडिलांना कायमचा पगार सुरू झालाय. आता तुम्ही नादारीत बसत नाही. अर्धीसुद्धा नाही."

त्या दिवशी आप्पा दुपारची सुट्टी काढून माझ्याबरोबर आले होते. बाहेर झाडाखाली उभे होते. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे काम केलं म्हनून ग्येली?"

"व्हय."

ते खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग वर न बघता म्हणाले, "काम सोडू काय गं मी?"

 मी त्यांच्याशेजारी मातीत बसले. कॉलेजातून पोरं बाहेर पडत होती, आमच्याकडं बघत होती. मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटायलाही अंगात जोर लागतो. "न्हाय सोडायचं," मी म्हणाले. "मी प्रिन्सिपॉलांस्नी भेटून बघीन."

प्रिन्सिपॉलांनी माफी दिली नाही, तुकड्या-तुकड्यानं फी भरायला परवानगी दिली. तशी ती भरत दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे इंटरच्या परीक्षेपर्यंत गेले. बी. ए.चं नाव घरात कुणी काढलं नाही. लढाई संपली, कँपातलं काम संपलं, आप्पा पुन्हा मागावर बसले आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. बी. ए. पुढं बाहेरून झाले, तोवर आप्पा नव्हते.

इंटरचा शेवटचा पेपर देऊन घरी आले तो दिवस मात्र अजून लख्ख आठवतो. पेपर कसा गेला, कुणी विचारलं नाही. आईनं पुढच्या सोप्यावर वाकळ अंथरली. मी आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी ऊन तोंडावर येईपर्यंत उठले नाही, आणि घरातल्या कुणी मला उठवलंही नाही.