दसऱ्याला पुजलेला बिल्ला

माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. त्यांची पलटण लढाईपुरतीच उभी केली आणि नंतर मोडली, त्यामुळे तिचे टोपीवरचे बिल्ले दुर्मीळ. दुर्मीळ म्हटलं की नकला आल्याच. मला या बिल्ल्यांचा नाद आहे आणि फसून फसूनच मी शहाणी झाले.

यवतमाळला जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आत्या हट्टानं निघाली. गावात अजून टवाळी चालते, "तुमचा बुढा लढाईवर नाही, भाकरी भाजाले गेलता!" तिला वाटलं, घरात जपलेला आजोबांचा बिल्ला तिथे मांडला की तोंडं बंद होतील. दारव्ह्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही पोचलो.

तिथल्या जाणकारानं बिल्ला दोन बोटांत धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला, "नकली आहे. चित्र बोथट, ओतीव माल. वर जुना दिसावा म्हणून खाचांत लाल रंग भरलाय." चार माणसं हसली. आत्याचा चेहरा पडला आणि माझं डोकं फिरलं.

रंग कसला? कुंकू होतं ते! आमच्याकडे दसऱ्याला विळे, वखराची लोखंडी पास यांच्याबरोबर हा बिल्लाही पाटावर बसतो. आधी चिंच आणि राख लावून खसाखसा घासायचा, मग हळदकुंकू वाहायचं. इतक्या वर्षांच्या घासण्यानं पितळेवरचा सिंह गुळगुळीत झाला, त्यात नवल ते काय? आमच्या भक्तीनंच आमचा पुरावा खाल्ला, हे मात्र खरं.

मी म्हटलं, "साहेब, उलटा करून बघा." पूजेत पाठ कोणी घासत नाही. ठशानं दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढचं चित्र खोलगट उमटतं. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, दाणेदार असते. त्यानं भिंग लावलं. मागे सिंहाची आयाळ केसन् केस उठून दिसत होती. टोपीत खोचायची पट्टीही मूळचीच, जुन्या डाकानं सांधलेली.

त्यानं भिंग खाली ठेवलं. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "अस्सल आहे. मधल्या काचेच्या पेटीत ठेवू. फक्त ते कुंकू काढावं लागेल."

"कुंकू निघनार नाही," आत्या म्हणाली. "हाये तसा ठेवा, नाहीतर द्या इकडे."

"बरं, असू द्या तसाच," तो पुटपुटला आणि पेटीची किल्ली शोधू लागला. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण आत्या जागची हलेना. ऐंशीच्या घरातली ती बाई, टेबलावर दोन्ही हात टेकून उभी.

"भाऊ, माह्या बापाले खोटं म्हनलं, तवा साऱ्या लोकायले आयकू गेलं. आता खरं हाये हे तिच्या कानात कायले सांगता? तेवढ्याच जोरानं बोला."